सर्वोच्च सुख मंडळ, मंगळवार पेठ

शिवाप्पा पट्टणशेट्टींनी सुखी व्हायचं ठरवलं तो मंगळवार होता. त्याआधी अठ्ठावीस वर्षं ते बँकेत होते आणि तिथं हा विषय कुणी काढला नव्हता.

दोन हजार एक साली बँकेनं स्वेच्छानिवृत्ती काढली. शिवाप्पांनी ती घेतली, कारण शेजारच्या टेबलवाल्यानं घेतली होती. निरोप समारंभात प्रत्येकाला शाल, नारळ आणि वर एक व्याख्यान मिळालं. व्याख्यान द्यायला तत्त्वज्ञानाचे एक प्राध्यापक आले होते. ते मॅनेजरसाहेबांचे साडू होते, त्यामुळं मधेच थांबवायची सोय नव्हती. त्यांनी सांगितलं की ग्रीस देशातले शहाणे फार पूर्वीच म्हणून गेलेत, माणूस जे जे करतो ते शेवटी सुखासाठी करतो. शिकतो कशाला, नोकरीसाठी. नोकरी कशाला, पगारासाठी. पगार कशाला, सुखासाठी. सुख कशाला, याला मात्र उत्तर नाही. म्हणून सुख हेच सर्वोच्च, बाकीच्या सगळ्या त्याच्या पायऱ्या. बाकी मंडळी जिलेबीच्या ताटाकडं बघत होती. शिवाप्पांनी एकट्यानं ते पाकिटाच्या मागं लिहून घेतलं आणि खाली तारीख टाकून सही केली.

घरी आले तेव्हा बसम्मा मेथी निवडत होती. शिवाप्पांनी नारळ देवापुढं ठेवला, शाल खुर्चीवर ठेवली आणि ते उभ्यानंच म्हणाले, "ऐकलंस काय, आजपासून आपलं ध्येय एकच. सुख."

"बरं," बसम्मा म्हणाली. "आणि गॅसचा नंबर कोण लावणार?"

बसम्माचा तत्त्वज्ञानाला विरोध होता असं नाही. नवऱ्याच्या डोक्यात एखादी गोष्ट शिरली की ती आपल्या स्वयंपाकघरातनंच बाहेर पडते, एवढं तिला सव्वीस वर्षांच्या संसारात कळलेलं होतं. त्यांनी योगासनं सुरू केली तेव्हा चटया तिनं धुतल्या. होमिओपॅथी शिकले तेव्हा दोनशे बाटल्या तिनं पुसल्या. आता सुख आलं होतं. ते कशानं पुसायचं, एवढाच तिचा प्रश्न होता.

तो तिसऱ्या दिवशी सुटला. दुपारी जेवण झालं आणि शिवाप्पा माडीवर गेले.

इथं थोडं थांबून माडीविषयी सांगायला पाहिजे. घर पेठेतल्या एका बोळात. खाली दोन खोल्या, वर एक. वरच्या खोलीत एक चटई आणि एक खिडकी. बाहेर शेजारच्या पत्र्यावर बसम्माच्या मिरच्या वाळत असायच्या. रोज दुपारी दोन ते चार बसम्मा त्या खोलीत असायची. बावीस वर्षं. ती तिथं झोपत नसे, वाचत नसे आणि देवाचं नावही घेत नसे. चटईवर उताणी पडायची आणि दोन्ही पाय भिंतीला वर टेकवायची. बस्स. चार वाजले की पाय खाली घेऊन चहा ठेवायला उतरायची. कुणी विचारलं असतं तर ती म्हणाली असती, मिरच्या राखते. पण बावीस वर्षांत कुणी विचारलंच नाही. आणि बायको दोन तास कुठं असते हे घरातल्या पुरुषाला माहीत नसणं ही मंगळवार पेठेत काही बातमी होत नाही.

शिवाप्पा चार वाजता खाली आले आणि म्हणाले, "वर वारं काय झकास येतं गं. तू कधी बोलली नाहीस."

दुसऱ्या दिवशी ते परत वर गेले, तिसऱ्या दिवशीही गेले. बसम्मा स्वयंपाकघरात फरशीवर पाय पसरून बघायची, पण भिंतीला भांड्यांची मांडणी होती आणि पाय टेकवले की वाट्या वाजायच्या. चौथ्या दिवशी शिवाप्पा साडेतीनलाच उतरले, चेहरा पाडून. एकट्याचं सुख टिकत नाही, असा निष्कर्ष त्यांनी जाहीर केला. टिकतं की, असं बसम्माच्या अगदी ओठावर आलं होतं. तिनं ते गिळलं. आता खोली मोकळी होणार याचाच तिला आनंद झाला होता. पुढं काय वाढून ठेवलंय याची तिला कल्पना असती तर तिनं नवऱ्याला तिथंच अंगाई म्हणून झोपवलं असतं.

संध्याकाळी शिवाप्पा दूध कट्ट्यावर गेले. तिथं म्हशी चौकात उभ्या असतात आणि धार काढून फेसाळलेला पेला सरळ हातात मिळतो. पेठेतले पुरुष एका पेल्यात दिल्लीचं सरकार पाडून घरी जातात. तिथं त्यांना आकाराम चौगले भेटले, बोळातलेच, समोरच्या दारातले. आकाराम वीस वर्षं तालमीच्या मंडळाचे अध्यक्ष होते. मागच्या वर्षी सख्ख्या पुतण्यानं त्यांना निवडणुकीत पाडलं आणि तेव्हापासून ते बिनखुर्चीचे हिंडत होते. शिवाप्पांचं सगळं म्हणणं त्यांनी मिशीला फेस लावून शांतपणे ऐकलं.

"साहेब," ते म्हणाले, "सुख ही काय एकट्यादुकट्यानं करायची गोष्ट न्हवं. त्याला मंडळ पायजे. अध्यक्षाची काळजी करू नका, मी हाय की."

दुसऱ्या कुठल्या गावात एखाद्याला हा विचार सुचला असता तर त्यानं एक आंबा खाल्ला असता आणि विषय संपवला असता. कोल्हापुरात गोष्ट मंडळाशिवाय होत नाही. दुधाचा पेला रिकामा व्हायच्या आत सात सभासद जमले. आपल्याकडं सभासदांची टंचाई कधीच नसते. उपाध्यक्ष व्हायला कुणी तयार होत नाही, एवढीच अडचण असते. तीही शेवटी दोन उपाध्यक्ष नेमून सोडवली. शिवाप्पा चिटणीस झाले. नाव ठरलं सर्वोच्च सुख मंडळ.

मग सल्ले आले. एक म्हणाला पहिलं सुख म्हणजे पांढरा रस्सा. दुसरा म्हणाला तांबडा. दोघंही तोंड फिरवून बसले. शिवाप्पांच्या लिंगायत घरात यातलं काहीच चालत नव्हतं. म्हणून पहिला सुखरविवार आकारामांच्या परड्यात झाला, आणि तिथं चिटणीस अख्खा मसूर पुढं घेऊन कडेला बसले. बुद्धीचं सुख जिभेच्या सुखापेक्षा वरच्या दर्जाचं असतं, हा व्याख्यानातला मुद्दा त्यांनी तिथं मांडून बघितला. ते बरोबरच हाय, असं सगळे म्हणाले. जेवल्यावर घेऊ.

खरी गंमत नोंदणीच्या कचेरीत झाली. अर्जात उद्देश असा एक रकाना असतो. शिवाप्पांनी त्यात स्वच्छ अक्षरात 'सुख' असं लिहिलं होतं. खिडकीतल्या कारकुनानं चष्मा वर केला.

"हे यादीत न्हाय," तो म्हणाला. "शैक्षणिक हाय, धार्मिक हाय, वैद्यकीय हाय. सुख न्हाय."

"पण बाकीचे सगळे उद्देश शेवटी सुखासाठीच असतात," शिवाप्पा म्हणाले, आणि त्यांनी ग्रीसपासून सुरुवात केली. कारकुनानं वीस मिनिटं ऐकून घेतलं. तेवढ्यात त्याचा चहा आला, पिऊन झाला, कप परत गेला. मग तो म्हणाला, "क्रीडा लिवा. क्रीडेत सगळं बसतं. पण वर्षाला एक खुली स्पर्धा घ्यावी लागंल, आन् कार्यालयाला सोतंत्र खोली पायजे."

दुसऱ्या खेपेला त्यानं आकारामांची सही अडवली. वीस वर्षांच्या अध्यक्षपदात आकारामांची सही दर कागदाला मोठी होत गेली होती, दोन सह्यांचा एकमेकींशी काही संबंध उरला नव्हता. तिसऱ्या खेपेला उपाध्यक्षाच्या फोटोत कान दिसत नव्हते. प्रत्येक चूक सापडली की कारकुनाच्या चेहऱ्यावर हळूच एक तेज यायचं आणि अर्ज परत सरकवताना त्याचा हात अगदी मऊ व्हायचा. शिवाप्पांनी ते तेज ओळखलं. अठ्ठावीस वर्षं ते त्यांचंच होतं. घरी येऊन त्यांनी हे बसम्माला सांगितलं तेव्हा त्यांचा आवाज थोडा ओला झाला होता, आणि बसम्माला क्षणभर त्यांची दया आली. माणसाचं खरं सुख दुसऱ्याच्या अर्जातल्या चुकीत असावं आणि ते सुख बँकेनं शाल देऊन काढून घ्यावं, हे वाईटच. पण दया क्षणभरच टिकली, कारण पुढच्या वाक्यात ते म्हणाले की कार्यालय आपल्या माडीवर होणार.

झालं. वर टेबल आलं, सात घडीच्या खुर्च्या आल्या, लोखंडी कपाट आलं. पाटी आली ती एवढी लांब, की ती खिडकीवरनं बांधावी लागली, आणि 'सर्वोच्च' या शब्दानं निम्मी खिडकी बुजली. चटई गुंडाळून कपाटामागं गेली. सभेची वेळ ठरली दुपारी दोन ते चार. जेवण झाल्यावर घरात आपलं कुणाला काही काम नसतं, हे सातही सभासदांना एकाच वेळी सुचलं होतं. चहा तीनदा लागायचा.

म्हणजे जे दोन तास बसम्माचे होते, त्यातच ती आता एकवीस कप चहा घेऊन जिना चढत होती.

तिनं दुसरीकडं बघितलं नाही असं नाही. गच्चीवर ऊन होतं. देवळात भजन होतं. आकारामांची बायको शालूबाई, तिच्याकडं गेली, तर शालूबाई दोन तास सुनेविषयी बोलली आणि वर म्हणाली, "बसक्का, तू आलीस म्हणून जरा बोलाय मिळालं." महिनाभरात बसम्माचं डोकं उठलं. एकदा तिनं दुधात साखरेऐवजी मीठ टाकलं. एकदा फुटाणेवाल्यावर ओरडली आणि मग त्याला पाणी दिलं. शिवाप्पांनी काळजीनं विचारलं, तुला काही होतंय का. ती म्हणाली, काही नाही. कारण काय सांगणार. मला भिंतीला पाय लावायचेत, हे वाक्य बाईनं कुणाला म्हणायचं, आणि कुठल्या तोंडानं.

वर मात्र सुख जोरात होतं. शिवाप्पांनी पत्रक छापून घेतलं होतं. सुख कुठलं, त्याची तीव्रता किती, कालावधी किती, खात्री किती. प्रत्येकाला दहापैकी गुण. आकाराम स्वतःला सगळीकडं दहा लावायचे. पांढऱ्या रश्श्याला एकानं अकरा दिले, तेव्हा तांबड्यावाल्यानं बारा दिले. दहाच्या वर जाता येणार नाही, असं चिटणीसांनी लेखी कळवलं. त्यावरनं एक उपाध्यक्ष राजीनामा देऊन निघून गेला आणि चहाला परत आला. खोली झाडताना बसम्मानं एकदा शिवाप्पांची स्वतःची पत्रकं बघितली. चार, पाच, चार, चार. एकाच दिवशी नऊ. त्या दिवशी त्यांना कुणाच्या तरी पत्रकात चुकीची तारीख सापडली होती.

वर्ष संपत आलं आणि खुल्या स्पर्धेची आठवण कचेरीतनं आली. क्रीडा मंडळ म्हणजे स्पर्धा हवीच. पळायला कुणी तयार नव्हतं. शेवटी 'आदर्श सुखी दांपत्य स्पर्धा' असं ठरलं, कारण त्यात बसून भाग घेता येतो. त्याच दिवशी आणखी एका कागदावर सही व्हायची होती. घर दोघांच्या नावावर होतं, आणि माडी मंडळाला कायमची द्यायची तर बसम्माचं संमतिपत्र लागत होतं. आकारामांनी सुचवलं की ही सही स्टेजवरच घेऊ, फोटो चांगला येईल.

"तुला फक्त एक वाक्य बोलायचंय," शिवाप्पा आदल्या दिवशी बसम्माला म्हणाले. "परीक्षक सर विचारतील तुमचं सर्वोच्च सुख कोणतं. तू म्हणायचं, यांचं सुख तेच माझं. मग सही."

बसम्मानं मान हलवली. कायमची, या शब्दावर तिचं मन अडकलं होतं.

शाळेच्या हॉलमध्ये संध्याकाळी पाचला स्पर्धा सुरू झाली. परीक्षक म्हणून तेच प्राध्यापक आले होते. आपलं एक व्याख्यान कुणी एवढं मनावर घेतलं हे बघून ते थोडे भेदरलेले दिसत होते. पुरुष डावीकडं, बायका उजवीकडं. पहिलं जोडपं इचलकरंजीहून आलेलं, शिवाप्पांचा चुलतभाऊ महांतेश आणि त्याची बायको. महांतेशची यंत्रमागावरची शिफ्ट नुकतीच सुटली होती. त्याचं सुख विचारल्यावर तो म्हणाला, "लाइट गेली की माग थांबत्यात. तेवढा वेळ कान मोकळा हुतो." त्याला गुण कमी पडले, कारण माग थांबण्यात सुख कसलं, असं आकारामांनी परीक्षकांना खुर्चीवरनंच समजावलं. त्याच्या बायकोनं मात्र उत्तर बरोबर दिलं, मालकांचं सुख तेच माझं. तिला दहा. पुढच्या चार बायकांनी तेच उत्तर दिलं, शब्दसुद्धा तेच. त्यात शालूबाईही होती. सगळ्यांना दहा-दहा. पाची जणी पहिल्या आल्या आणि शिवाप्पा चिंतेत पडले, कारण बक्षिसाचा कुकर एकच होता.

मग मानाचं जोडपं म्हणून चिटणीस आणि त्यांची बायको. टेबलावर संमतिपत्र, त्यावर पेन. आकाराम फोटोग्राफरला कोपरानं ढोसत होते.

"वहिनी," प्राध्यापक म्हणाले, "आपलं सर्वोच्च सुख?"

बसम्मा खरोखर ते वाक्य बोलायलाच आली होती. पण तोंड उघडलं आणि नजर टेबलावर गेली. समोर ते पत्रक होतं, चार रकान्यांचं, आणि पाची ओळींत तेच ते दहा.

"दुपारी दोन ते चार," ती म्हणाली. "माडीवर. एकटी. भिंतीला पाय लावून."

पुरुषांच्या बाजूनं हसू आलं. प्राध्यापकांना वाटलं हा स्पर्धेचाच भाग. त्यांनी पेन उचललं. "तीव्रता?"

"धा."

"कालावधी?"

"दोन तास. बावीस वर्षं."

"आणि खात्री?"

"होती की," बसम्मा म्हणाली. "यांनी नोकरी सोडली तवर."

आता पुरुष मोठ्यानं हसले, शिवाप्पा सोडून. पण बायकांच्या बाजूनं काहीच आवाज आला नाही. तो नसलेला आवाज हळूहळू पुरुषांच्याही लक्षात आला आणि हसणं एकेक करून बंद पडलं. मग शालूबाई पदर खोचत उभी राहिली.

"सर," ती म्हणाली, "माझं मगाचं उत्तर खोडा."

"आगं ए," आकाराम म्हणाले.

"तुमी गप बसा. सर, माझं बी दोन ते चार लिवा. माडी नसली तरी चालंल. ह्यास्नी घराभाइर काढा, तेवढं बास."

तिच्या पाठोपाठ महांतेशची बायको उठली, मग बाकीच्या तिघी. प्राध्यापक गोंधळून शिवाप्पांकडं बघायला लागले. शिवाप्पांचा चेहरा पांढरा पडला होता. भर सभेत अब्रू गेली होती, मंडळ गेलं होतं, बहुतेक कार्यालयही गेलं होतं. अशा वेळी माणूस आपल्या सगळ्यात खोलवरच्या जागेतनं बोलतो. शिवाप्पा म्हणाले, "नुसती खाडाखोड चालणार नाही. प्रत्येक दुरुस्तीपुढं सही लागेल."

बायका रांगेत उभ्या राहिल्या आणि सह्या करून गेल्या. संमतिपत्र तेवढं तसंच राहिलं.

दोघं घरी निघाले. शिवाप्पा दोन पावलं पुढं चालत होते. कुणी दुरून हाक मारली की खाली बघत होते. कोपऱ्यावर ते थांबले.

"मला आधी सांगायचं होतंस," ते म्हणाले.

"सांगितलं असतं, तर तुम्ही त्याचं मंडळ काढलं असतं."

शिवाप्पांनी यावर खूप विचार केला. दार उघडेपर्यंत केला. ती म्हणाली ते बरोबर होतं. अठ्ठावीस वर्षं दुसऱ्यांच्या चुका काढणाऱ्या माणसाला आपली एक सापडली की तो तिच्यावर सही करून मोकळा होतो, एवढा त्यांच्यात प्रामाणिकपणा होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी पाटी सोडवली. दीड वाजता खुर्च्या खाली आणल्या. पावणेदोनला चटई अंथरून खाली येऊन पायरीवर बसले.

दोन वाजता बोळातलं दृश्य असं होतं. सभासद सभेला निघाले होते, पण कुणीच पायरीच्या पुढं गेला नाही. घराघरांत बायकांनी नवऱ्यांना दारात बसवून आतनं कड्या लावल्या होत्या. पोस्टमन आला तर, गॅसवाला आला तर, नातू उठला तर, आता बघणार कोण. समोरच्या पायरीवर आकाराम मांडीवर रडका नातू घेऊन बसले होते, तालमीचे वीस वर्षांचे माजी अध्यक्ष. दोन्ही उपाध्यक्ष आपापल्या दारात. मंडळाची गणसंख्या त्या दिवसानंतर कधी पुरी झाली नाही.

वर बसम्मा चटईवर पडली आणि तिनं पाय भिंतीला टेकवले. पहिली दहा मिनिटं काही जमलं नाही. एवढ्या लोकांपुढं मागून घेतलेली वस्तू लगेच सुखाची होत नाही. भिंत गार आहे की नाही, वारं येतंय की नाही, हेच ती तपासत राहिली. तेवढ्यात बोळात भंगारवाल्याची आरोळी आली, आणि पाठोपाठ शिवाप्पांचा दबका आवाज.

"हळू. वर सुख चाललंय."

भंगारवाला गाडी थांबवून काय चाललंय म्हणाला. शिवाप्पांनी त्याला पायरीवर बसवून घेतलं आणि कुजबुजत सांगायला लागले, की माणूस शिकतो कशाला, नोकरी कशाला, पगार कशाला. भंगारवाल्यानं सगळं ऐकलं आणि विचारलं, "मग पावणं, तुमी खाली का?"

पायरीवर चपला सरकल्याचा आवाज आला. मग शिवाप्पा म्हणाले, "माझी पाळी चारनंतर आहे."

चारनंतर त्यांची कसलीही पाळी नव्हती. चारला त्यांनी चहा ठेवायचा, रोज, कपबशा विसळून, असं बसम्मानं ठरवून टाकलं होतं. पण हे त्यांना सांगायचं तर खाली जावं लागलं असतं, म्हणून बसम्मा पडून राहिली.